लॅबच्या नियमांवरची सही ‘नुसता कागद’ नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘कॉलेज, वसतिगृह किंवा ग्रंथालय संगणक वापराच्या नियमांवर जी सही घेतं, तिला कायद्यात किंमत नाही. इन्कॉग्निटो लावा, कुणाला काही दिसत नाही. नोंदी ठेवणंच बेकायदा आहे. इंटरनेट मूलभूत हक्क आहे आणि फी आपणच भरतो. लॉगिन मित्राला दिलं तर बिघडत नाही. कागद कन्नड-इंग्रजीत असेल तर मराठी मुलाला तो लागूच होत नाही.’ यातली जी वाक्यं अर्धी खरी आहेत, तीच जास्त घातक आहेत.

‘कायद्यात किंमत नाही.’ माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३ उघडून बघा. मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा उतरवून घेणं, व्हायरस सोडणं, नेटवर्क बंद पाडणं, या सगळ्यांची भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग प्रश्न उरतो तो परवानगी कुठवर होती याचा, आणि ते त्या कागदात लिहिलेलं असतं. अभ्यासाची सॉफ्टवेअर आणि ब्राउझर वापरायचा, अ‍ॅडमिन खात्यात जायचं नाही, दुसऱ्याचं फोल्डर उघडायचं नाही. असं काही लिहिलेलंच नसेल तर पासवर्ड ओळखून राउटरमध्ये घुसलेला मुलगा आणि सरांनी सांगितलं म्हणून सेटिंग बदलणारा मुलगा यांच्यात फरक दाखवायला हातात काही राहत नाही. ज्याने काही केलं नाही, त्याला त्या कागदाची गरज जास्त असते.

‘इन्कॉग्निटो लावा.’ ही ब्राउझरची खासगी खिडकी. ती बंद केली की त्या संगणकावरची हिस्ट्री आणि कुकीज जातात, बस. संस्थेच्या प्रॉक्सीवरची, म्हणजे सगळं इंटरनेट ज्या मधल्या यंत्रातून जातं त्यावरची, नोंद जात नाही. स्क्विड हा प्रॉक्सी बऱ्याच ठिकाणी बसवलेला असतो. त्याच्या नोंदीतली एक ओळ अशी वाचायची: सुरुवातीला वेळ, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, मग जोडणी किती मिलिसेकंद चालली, मग संगणकाचा आतला पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. किती बाइट गेले. साइटचं नाव आणि त्याला जोडून पोर्ट ४४३, म्हणजे सुरक्षित जोडणीचा क्रमांक. आणि लॉगिन सक्तीचं असेल तर वापरणाऱ्याचं नाव. साइट कळते. पण त्या साइटवर कुठलं पान उघडलं, काय टाइप केलं, पासवर्ड काय होता, हे एचटीटीपीएसमुळे, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीमुळे, कळत नाही. त्यामुळे ‘सर सगळं वाचतात’ हेही खोटंच. एक अपवाद आहे. संस्थेने आपलं सर्टिफिकेट (संगणकाला मधल्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला लावणारी डिजिटल फाइल) संगणकावर बसवलं असेल तर आतला मजकूरही उघडता येतो. स्वतःच्या फोनमध्ये असं सर्टिफिकेट घालायला कुणी सांगितलं, तर कशासाठी ते विचारल्याशिवाय घालू नका.

इन्कॉग्निटोची आणखी एक फसगत आहे. त्या खिडकीतून उतरवलेली फाइल डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मुलं लॅबमध्ये ई-आधार उतरवतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला दोन्ही माहीत असतं. उठण्याआधी शिफ्ट धरून डिलीट करा म्हणजे फाइल रिसायकल बिनमध्येही राहणार नाही, साइटवरून लॉगआउट करा आणि प्रिंटरच्या रांगेत अडकलेली प्रत रद्द करा.

‘नोंदी ठेवणं बेकायदा.’ खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, ते खरंच. पण रास्त कारणासाठी, कायद्याच्या आधाराने आणि गरजेपुरती मर्यादा त्याच निकालाला मान्य आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग, म्हणजे अशा नोंदी, १८० दिवस ठेवायला आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे.

घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण नको तो मुलगा अडकतो तो इथेच. लॅबमधले चाळीस संगणक बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. तक्रार येते ती त्या पत्त्याची, आणि तिच्यातली वेळ पुष्कळदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. १४:१० यूटीसी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ७:४०. ते दुपारचे २:१० समजून नोंदी काढल्या तर दुपारच्या बॅचमधल्या, काहीही संबंध नसलेल्या मुलाचं नाव वर येतं. घड्याळ चार मिनिटं मागे असलं तरी बॅच बदलण्याच्या वेळी हाच घोटाळा होतो. म्हणून तक्रार आली की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: वेळ कुठल्या टाइम झोनची, सोर्स पोर्ट (एकाच पत्त्यामागची नेमकी जोडणी ओळखायचा क्रमांक) कोणता आणि आपलं घड्याळ शेवटचं कधी जुळवलं होतं.

संस्थाही इथे चुकतात. लॉग वर्षानुवर्षं पडून राहतात, कुणीही ते उघडतं. हे थांबायलाच हवं. किती दिवस ठेवणार, कोण बघणार, कुणाच्या लेखी परवानगीने बघणार, हे नियमांच्या कागदातच छापलेलं असावं.

‘मूलभूत हक्क.’ मेसेजचा रोख केरळ उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१९ च्या निकालाकडे आहे. तो खटला वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल काढून घेण्याचा होता. न्यायालयाने इंटरनेट शिक्षणाच्या हक्काशी जोडलं आणि ते बंधन अवाजवी ठरवलं. संस्थेच्या यंत्राला नियमच नकोत, असं त्यात कुठेही नाही. फीचा हिशेब तर साधा आहे: १०० एमबीपीएसची लाइन ४० जणांत वाटली की प्रत्येकी अडीच येतात, आणि एक एचडी व्हिडिओ एकटाच पाचेक खातो. केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) ऑप्शन एंट्रीच्या, म्हणजे प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरण्याच्या, शेवटच्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवायला सांगतात ते यासाठी.

‘लॉगिन मित्राला दिलं तर काय झालं?’ नुसतं दिल्याने गुन्हा होत नाही. पण दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ६६सी लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि मधल्या काळात नोंद असते ती तुमच्या नावावर. अख्ख्या वर्गाला ‘लॅब१’ असं एकच खातं देणाऱ्या संस्थांनी मात्र मुलांना दोष देऊ नये. तिथे कोण काय करतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

‘मराठी मुलाला लागू नाही.’ न वाचता केलेली सही भाषेच्या कारणाने आपोआप रद्द होत नाही. पीयूसीची (अकरावी-बारावीची) बहुतेक मुलं अठराच्या आतली असल्यामुळे करार म्हणून त्यांची एकट्याची सही टिकत नाही, हे खरं. पण कलम ४३ करारावर उभं नाही, ते सही न करणाऱ्यालाही लागतं. तरीही या मुद्द्यामागची तक्रार रास्त आहे. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या हातात चार पानी इंग्रजी देऊन ‘इथे सही करा’ म्हणणं चूक आहे. एक पान मराठी पुरतं: ‘तुमचं लॉगिन तुम्हीच वापरायचं. कुठल्या साइटवर गेलात याची नोंद १८० दिवस राहील. ती प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुणी बघणार नाही. पेनड्राइव्ह आधी स्कॅन करायचा. चुकून काही बिघडलं तर लगेच सांगायचं, त्यासाठी शिक्षा नाही.’ ते पान कन्नड आणि इंग्रजी प्रतीच्या पाठीला टाचायचं, खाली पालकांच्या सहीला जागा ठेवायची आणि एक प्रत घरी द्यायची. मिळत नसेल तर प्रवेशाच्या वेळीच ऑफिसात दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.