मांडीच्या हाडाचा तो मेसेज : खुलासा

परवा मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज आता सगळीकडे फिरतोय: मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्या मते संस्कृतीची पहिली खूण म्हणजे मोडून जुळलेलं मांडीचं हाड, कारण ते जुळेपर्यंत जखमीला कुणीतरी सांभाळलेलं असतं. मीड यांच्या लेखनात याचा दाखला मिळत नाही. त्या गेल्यावर, 1980 मध्ये, शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट मीड यांची आठवण म्हणून सांगितली. शिवाय रानातल्या वानरांचीही हाडं जुळतात, म्हणजे नुसतं जुळलेलं हाड ही संस्कृतीची खूण ठरत नाही.

माणसाची माया मात्र खरी, आणि फार जुनी. इराकच्या शानिदार गुहेत 1957 साली सापडलेला निअँडरथल (आता नामशेष झालेली, माणसाच्या जवळची जात) पुरुष बघा. उजवा हात कोपरापाशी तुटलेला, डाव्या डोळ्याजवळ जबर मार. तरी चाळिशीपर्यंत जगला. कुणीतरी आपल्या वाटणीतलं त्याला दिलं असणारच!

चूक माझी, माफ करा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.