जुना अल्बम जुनाच राहू द्या!

तारुण्यात ज्या अल्बमची पारायणे केली, तो पुन्हा निवांत ऐकावा म्हणून शोधायला जावे, तर दरवेळी समोर येते ती त्याची ‘रीमास्टर्ड’, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने प्रक्रिया केलेली, आवृत्ती. मूळ ध्वनिमुद्रण मात्र गुपचूप नाहीसे झालेले असते. हळुवार सुरू होऊन चढत जाणारे गाणे आता पहिल्या सुरापासूनच अंगावर येते, कारण कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही आवाजाचे चढउतार दाबणारी साधने लावून हलक्या व मोठ्या आवाजातले अंतरच मिटवून टाकलेले असते. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हा हे अंतर एलपी तबकडीपेक्षा कितीतरी अधिक टिपता येणे हा तिचा मोठा गुण होता. पण १९९०च्या दशकात आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून आवाज वाढवण्याची चढाओढ तीव्र झाली आणि त्या गुणाचाच बळी गेला. आता तर अनेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणतात, म्हणजे या आरडाओरड्याचा काही उपयोगही उरलेला नाही! शिवाय शेवटच्या गाण्यानंतर जिथे शांतता हवी, तिथे ‘बोनस’ ट्रॅक चिकटवलेले असतात. नवी आवृत्ती जरूर काढा, पण मूळ अल्बम त्याच्या मूळ आवाजात आणि मूळ क्रमाने तिच्या शेजारी ठेवायला नेमकी कोणाची हरकत आहे?