आपण पात्र नाही

‘हा दस्तऐवज पाहण्यास आपण पात्र नाही.’ परवा भरदुपारी संगणकानं मला हे सुनावलं. दस्तऐवज कोणता, तर 2014 साली मीच लिहिलेलं, माझ्याच सहीचं पत्र. विषय : बारा खुर्च्या मिळणेबाबत.

लेखापरीक्षणवाल्यांना आत्ता, इतक्या वर्षांनी, खुर्च्या कुणी मागितल्या हे जाणून घ्यायचं आहे. नोडल अधिकारी म्हणाले, “परवानगीचा ऑनलाइन अर्ज करा आणि सोबत त्या दस्तऐवजाची प्रत जोडा.” प्रत असती तर तुमचं तोंड कशाला बघितलं असतं, हे मी मनातच म्हटलं. नोकरीची अजून आठ वर्षं बाकी आहेत.

म्हणून तळघरातल्या अभिलेख कक्षात गेलो. तिथले काका लाल रुमालांत बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये शेंगदाणे सोलत बसले होते.

“काका, 2014 च्या खुर्च्या...”

“जावक 1187. एकच पान. तिसऱ्या ओळीत ‘खुर्च्या’ खोडून परत लिहिलंय तुम्ही.”

मला गहिवरून आलं. “म्हणजे आहे!”

“होतं.” त्यांनी टरफलं फुंकली. “कागद जपायचे वर्ग असतात. अ म्हणजे कायम, ब 30 वर्षं, क 10, ड एक. तुमच्या खुर्च्या ड मध्ये. स्कॅन झालं, गेलं लगद्याला.”

“अहो, कागद वर्षात जातो आणि विचारणारे दहा वर्षांनी येतात!”

“ते वरचे ठरवतात. मी गाठी मारतो.”

त्यांच्या गाठीबद्दल सांगायलाच हवं. ती सुटता सुटत नाही. मध्यंतरी एका साहेबांनी कात्री मागवली, तर काका रजेवरच गेले. “तुमचा तो पासवर्ड दर महिन्याला बदलतो,” ते मला म्हणाले, “माझी गाठ बत्तीस वर्षं तीच आहे. पेशव्यांचं दफ्तर टिकलं ते रुमालात. कुणाला ओटीपी आला होता का?” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, “साहेब, ते पत्र सापडलं तर मलाही दाखवा. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या भिशीचा हिशेब होता.”

“माझ्या पत्रावर?”

“कागद चांगला होता.”

आता स्कॅनिंगचं. कंत्राट पानामागे पैसे असं होतं. त्यामुळे कोरी पानं स्कॅन झाली, पाठीमागच्या बाजू झाल्या, एका फाइलवर कुणाचा तरी अंगठा स्वच्छ उमटला आहे. नावं मात्र कुणी द्यायची हे कंत्राटात नव्हतं, म्हणून ‘स्कॅन 0001’ पासून पुढे सगळी भावंडं. ज्यांना नावं मिळाली ती ‘सुरेख’, ‘कृतिदेव’ असल्या जुन्या फाँटात टंकलेली. डोळ्यांना मराठी, पण आत साठवलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. तुम्ही युनिकोडात, म्हणजे आजच्या संगणकी मराठीत, ‘खुर्च्या’ शोधलंत की उत्तर शून्य. मी माझं पत्र एका वर्षाच्या तारखा एकेक चाळून काढलं, अडीच दिवसांत. काकांना चार सेकंद लागले होते. पण नव्या व्यवस्थेच्या उद्घाटनाला काकांना खुर्चीही नव्हती. हार मात्र त्यांनीच आणून ठेवले होते. मला त्याचा राग अजून येतो. त्या बारा खुर्च्यांतली एक तरी त्या दिवशी कुठे गेली होती?

असो. शेवटी मी कोरा कागद स्कॅन केला आणि ‘प्रत’ म्हणून अर्जाला जोडला. वीस मिनिटांत मंजुरी आली.

काकांना वर बोलावलं. ते चप्पल दाराबाहेर काढूनच आत आले. फाइल उघडली. वर कोपऱ्यात लाल अक्षरात ‘गोपनीय’. खाली काकांचं वळणदार अक्षर : बारा नावं, बारा आकडे आणि एक चहाचा गोल डाग. पुढची बाजू स्कॅन झालीच नव्हती.

आता लेखापरीक्षणाला मी ही भिशी देऊ?

काका चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून उभे होते. “जरा मोठं करा साहेब,” ते म्हणाले, “हां... बघा! लेखा शाखेतल्या बाईंचे पाचशे अजून येणंच आहेत. मी म्हणत होतो ना?”