वाळक्या माणसाला कशाची शुगर? (जालन्याच्या भाऊंच्या कमेंटला उत्तर)

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट रात्री साडेअकराला पडलेली, मी सकाळी लॅबचं शटर वर करायच्या आधी वाचली आणि खरं सांगू का, पहिल्यांदा रागच आला. मग दिवसभर लोकांचं रक्त काढता काढता तीच डोक्यात फिरत राहिली आणि दिवेलागणीपर्यंत दोन ठिकाणी तुमचंच बरोबर आहे हे कळून चुकलं. म्हणून खाली दोन ओळी न खरडता वेगळं लिहायलोय.

ज्यांनी मागची पोस्ट आणि कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळक्या माणसालाही शुगर होते असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर ही कमेंट. भाऊंचं म्हणणं असं की शुगर ही बसून खाणाऱ्याची बिमारी. त्यांच्या वडलांनी जन्मभर औत हाकलं, उंची पाच फूट चार इंच, वजन 48 किलो, पोट पाठीला लागलेलं, अशा माणसाला साठीनंतर शुगर काढली ती लॅबवाल्यांनीच. आधी 140 ला शुगर म्हणायचे ते 126 कुणी केलं? कंपन्यांनी. आता टाईप 5 (कुपोषणातून होणारी शुगर) नावाचं नवीन खूळ आणलंय, जेवढे नंबर तेवढा धंदा. बहात्तरच्या दुष्काळातली लेकरं आज शुगरचे पेशंट झालीत असं मी लिहिलं होतं, त्याला पुरावा काय? आणि शेवटी, वडलांच्या गोळ्या सहा महिन्यांपासून बंद केल्यात आणि ते ठणठणीत आहेत.

धंद्याचं आधी उरकतो. हो, शुगर तपासली की मला पैसे मिळतात, त्यात लपवायचं काय. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, 19 वर्षं झाली रक्त काढतोय. मला जे दिसतं आणि जे वाचून समजतं ते लिहितो.

126 चं म्हणाल तर 1997 साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने उपाशीपोटीची रेघ 140 वरून 126 वर आणली हे खरं, आणि त्या संस्थेला औषध कंपन्यांकडून पैसा येतो हेही खरं. पण रेघ का हलवली ते बघा ना. तोवर दोन रेघा होत्या, उपाशीपोटी 140 आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी 200, आणि त्या एकमेकींशी जुळतच नव्हत्या. एकाच माणसाला दोन तासाची तपासणी म्हणायची शुगर आहे आणि उपाशीपोटीची म्हणायची नाही. मग डोळ्याचा पडदा बघितला. अ‍ॅरिझोनातले पिमा आदिवासी, इजिप्तमधली माणसं, अमेरिकेतला मोठा सर्व्हे, तिन्हीकडे पडदा खराब व्हायला 140 च्या आधीच सुरुवात झालेली होती. म्हणजे रेघ डोळ्याने ओढली, बिलाने नाही. कंपन्यांचा फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही, झालाच. पण 126 ते 140 च्या मधला माणूस काही चांगला नव्हता हो.

आता वाळक्या माणसाचं.

दोन वर्षांमागं ऐन ऊसतोडीत एक पोरगा लॅबवर आला. सत्तावीस वर्षांचा, काट्यावर 39 किलो. कोयता सोडून मधूनच गावी आलेला, मुकादमाची उचल अंगावर. पायाची जखम बरी होईना म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली. बोटाला सुई टोचली, मीटरवर आकडाच येईना, नुसतं ‘हाय’. परत टोचलं, परत ‘हाय’. शीर धरून रक्त काढलं आणि तो उठून जाताना दारात बघतो तर चप्पल एकच. दुसरी कुठंय रे म्हटलं तर तो आपल्याच पायाकडे बघायला लागला. रस्त्यात कुठंतरी निसटली असेल, त्याला पत्ताच नाही, शुगरने पाय बधिर झालेले. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसलेला, काळा ठिपका दिसत होता, तो मी दाखवला तेव्हा त्याला कळला. लघवी करतो तिथं मुंग्या लागतात म्हणे वर्षभरापासून, आई म्हणायची उन्हाची कामं आहेत, गरमी झाली असेल.

हा काय बसून खाणारा होता? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा 2023 साली आलेला देशभराचा अभ्यास आहे, एक लाखाच्या वर लोकं तपासलेली. त्यात शहरात शंभरात साधारण 16 आणि खेड्यात जवळजवळ 9 जणांना शुगर निघाली, सगळा हिशोब लावला तर देशात 10 कोटींच्या वर. खेड्यातले हे नऊ काय सगळे ढेरीवाले आहेत का.

आणि नुसता काटा बघून माणूस वाळका म्हणायचं हेही फसवं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता, शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि आपले याज्ञिक 21.2 टक्के. आपल्याकडची पोरं जन्मतानाच अशी असतात, वजन कमी पण त्या मानाने चरबी जास्त, हेही त्यांनीच पुण्याजवळच्या खेड्यात आयांच्या पोटापासून मागं लागून दाखवलं. म्हणजे वाळक्यात पण दोन जाती. एक वरून वाळका आतून चरबीवाला, त्याची शुगर टाईप 2 च, म्हणजे नेहमी दिसते ती. दुसरा खरोखर हाडकुळा, त्याच्यात चरबीच नाही.

मागच्या पोस्टमध्ये मी ही दोन्ही एकाच पोत्यात भरली, वाळका दिसला की टाईप 5 असं वाटावं असं लिहून बसलो. ते चुकलं. तुम्ही त्यावर बोट ठेवलं ते बरोबर ठेवलं.

टाईप 5 नवीन खूळ मात्र नाही. 1955 ला जमैकात एका डॉक्टरने असे पेशंट पहिल्यांदा लिहून ठेवले. 1985 ला डब्ल्यूएचओने कुपोषणाचा डायबेटिस म्हणून वेगळं नाव दिलं आणि 1999 ला पुरावा पुरत नाही म्हणून काढूनही टाकलं. मग 2022 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी मिळून अशा तरुण काटकुळ्या पुरुषांना भरती करून घेऊन नीट मोजमाप केलं. निघालं असं की इन्सुलिन यांच्या अंगाला चांगलं लागू पडतं, तयारच कमी होतं, आणि लिव्हरात चरबी टाईप 2 वाल्यापेक्षा कमी. टाईप 2 ची गोष्ट बरोबर उलटी असते, इन्सुलिन असतं पण अंग ऐकत नाही. त्यानंतर एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या परिषदेत इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने टाईप 5 म्हटलं. वेल्लोरचा अभ्यास लहान होता, पेशंट मोजकेच, आणि जगातल्या सगळ्या तज्ज्ञांनी अजून मान डोलावलेली नाही, हे मी मागच्या वेळेस लिहायला पाहिजे होतं.

पण ‘नंबर वाढला की धंदा वाढला’ हे इथं उलटं आहे भाऊ. सध्या शुगरची सगळ्यात गाजलेली औषधं कोणती, तर वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आणि लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या. औषधं चांगलीच आहेत, उगं नावं ठेवायची नाहीत. 2019 च्या क्रेडेन्स ट्रायलमध्ये (ट्रायल म्हणजे पेशंटवर घेतलेली औषधाची चाचणी) कॅनाग्लिफ्लोझिनने किडनीचा धोका 30 टक्के कमी झाला, 2024 च्या फ्लो ट्रायलमध्ये सेमाग्लुटाइडने 24 टक्के. पण त्या ट्रायलमधली माणसं कोण होती? फ्लोमध्ये सरासरी बीएमआय 32. आता माझा 39 किलोचा पोरगा घ्या आणि त्याला भूक मारणारं इंजेक्शन द्या, काय उरंल त्याचं. आणि ज्याच्या अंगात इन्सुलिनच कमी आहे त्याला ग्लिफ्लोझिनने रक्तात आम्ल वाढून आयसीयूत जायची पाळी येऊ शकते. म्हणजे हा नवीन नंबर डॉक्टरला सांगतो की गाजलेलं औषध इथं लावू नको, पोटभर खायला घाल आणि थोडं इन्सुलिन दे. ह्यात कुठली कंपनी श्रीमंत होणार सांगा.

थोडं म्हणजे थोडंच पण. त्या पोराला जिथं दाखवलं तिथं इन्सुलिनचा डोस दोन वेळ पोटभर जेवणाऱ्याच्या हिशोबाने लिहून दिला. हा सकाळी इंजेक्शन घेऊन फडात गेला, भाकरी यायला दुपार झाली, उसाच्या सरीतच पडला. बायकोने तिथलाच ऊस मोडून त्याचं पाणी तोंडात पिळलं म्हणून वाचला. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात असं काही घालू नका, ठसका लागून मरतो, त्याचं नशीब की थोडी शुद्ध होती.) इन्सुलिन ठेवायचं कुठं तर झोपडीत गाडग्यात ओली वाळू घालून. त्याला नेमका कोणता टाईप होता ते मी आजही सांगू शकत नाही, त्यासाठी सी-पेप्टाइड लागतं (अंगात इन्सुलिन किती बनतं ते कळतं), जीएडी अँटीबॉडी लागते (शरीरच इन्सुलिनच्या पेशी मारतंय का ते कळतं), स्वादुपिंडात खडे आहेत का बघावं लागतं, आणि त्याच्याकडे परतीच्या एसटीचे पैसे मोजून होते.

लॅबवाले खोटं निघतात असं तुम्ही लिहिलं, त्यावर माझीच एक चूक सांगतो. एका बाईची तीन महिन्याची शुगर, एचबीएवनसी हो, 6.6 आली. 6.5 पासून वर शुगर म्हणायची, मी रिपोर्ट दिला आणि वर तोंडाने पण सांगून मोकळा झालो. घरच्यांनी तिचा भात बंद, गूळ बंद, भाकरी अर्धी. महिन्याने तिच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन करायला पाठवलं तर 7. आता लोह कमी असलं की लाल पेशी नेहमीपेक्षा जास्त दिवस रक्तात फिरत राहतात, त्यांना साखर चिकटायला वेळ जास्त मिळतो आणि एचबीएवनसी उगीच फुगून येतं. लोहाच्या गोळ्या झाल्यावर तेच 5.8 आलं, उपाशीपोटी 92. म्हणजे शुगर नव्हतीच, आणि मी उपाशी बाईला अजून उपाशी ठेवलं. उलटंही होतं, सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात आणि शुगर असून आकडा कमी दिसतो, किनवटकडच्या लोकांनी हे ध्यानात ठेवा. तेव्हापासून एचबीएवनसीच्या नळीतूनच मी हिमोग्लोबिन बघतो, जांभळ्या टोपणाची तीच नळी लागते, वेगळं रक्त काढावं लागत नाही आणि त्याचे पैसे घेत नाही. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता नुसत्या एचबीएवनसीवर कुणाला शुगर म्हणायचं धाडस आता माझ्याने होत नाही, जोडीला उपाशीपोटीची पाहिजेच.

बहात्तरचं. इथं मी सरळ माघार घेतो. आमची आजी खडी फोडायला जायची, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, तेव्हा वडलांची धाकटी बहीण पोटात होती आणि त्या आत्याला आज शुगर आहे. एवढ्यावर मी ते वाक्य ठोकून दिलं. एका आत्याचा पुरावा होत नसतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 1944-45 च्या उपासमारीत जी मुलं पोटात होती, त्यांना पन्नाशीत ग्लुकोज पाजून तपासलं तर दोन तासाची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली, हे 1998 साली आलंय. चीनच्या 1959-61 च्या दुष्काळावरही तसंच आहे. 2024 साली सायन्स ह्या नियतकालिकात इंग्लंडचं आलं, तिथं 1953 पर्यंत साखर रेशनवर होती, त्या काळात पोटात आणि तान्ही असलेल्या मुलांना पुढं शुगर व्हायचा धोका साधारण 35 टक्के कमी दिसला (ती उपासमार नव्हती, नुसती साखर कमी होती). पण हे सगळं तिकडचं. आपल्याकडे बहात्तरला सरकारी कामं निघाली, मजुरी मिळाली, हाल झाले पण हॉलंडसारखी माणसं पटापट मेली नाहीत, मग तिकडचा हिशोब इकडं जसाच्या तसा लावता येत नाही. ते वाक्य पोस्टमधून काढलंय.

आता वडील. साठीनंतर निघाली म्हणजे टाईप 5 बहुतेक नाही, तो तिशीच्या आतच दिसतो. वजन आधीपासून 48 आहे की शुगर निघाली त्या सुमाराला झपाट्याने उतरलं, हे आधी आठवा. उतरलं असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि टीबीची तपासणी राहू देऊ नका, सरकारी दवाखान्यात होते.

गोळ्यांबद्दल तुमचं निम्मं पटतं. म्हाताऱ्या वाळक्या माणसाची शुगर दाबून दाबून खाली आणण्यात शहाणपण नाही. 2008 साली अ‍ॅकॉर्ड ट्रायलमध्ये एचबीएवनसी 6 च्या खाली आणायला गेले आणि त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून तो भाग मधेच थांबवावा लागला. गोळी ग्लिमेपिराइड असेल तर जेवण चुकल्यावर शुगर पडते, ती भीती खरीच आहे. पण त्यावर ‘कमी करा’ असं डॉक्टरांना म्हणायचं असतं, डबा फेकायचा नसतो. इंग्लंडच्या यूकेपीडीएसचं बघा, 1997 ला संपलेली ट्रायल, त्यात सुरुवातीची वर्षं शुगर नीट ठेवलेल्यांना पुढं 24 वर्षं फायदा मिळत राहिला असं 2024 ला लॅन्सेटमध्ये आलं. त्याची दुसरी बाजू अशी की सुरुवातीला सोडून दिलेली शुगर पुढं गोळ्या खाऊनही पुरी भरून निघत नाही.

आणि ‘ठणठणीत आहेत’ हे तुम्ही कशावरून म्हणायलात? शुगर दुखत नाही, हीच तर तिची पंचाईत आहे. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडायला लागली की लघवीत उतरणारं प्रोटीन) आणि डोळ्याचा पडदा, एवढं दोन बघून घ्या, माझ्याकडे नका येऊ, जालन्यालाच जिल्हा रुग्णालयात करा म्हणजे धंद्याचा प्रश्नच मिटला. आणि ते शेतातून आले की आज एवढं विचारा, वाटेत चप्पल पायातून निसटली तर त्यांना लगेच कळतं, की दहा पावलं पुढं गेल्यावर?