तिकडे चालतं म्हणून इकडे चालेल असं नाही ना

मॅचच्या प्रक्षेपणात कॉमेंटेटर एखादा वर्णद्वेषी वाटणारा शब्द बोलून गेला की 'आमच्या देशात हा नुसता शॉर्टफॉर्म आहे' असा जो बचाव करतात, तो मला अजिबात पटत नाही. 'पाकी' (पाकिस्तानीचा शॉर्टफॉर्म) शब्दच घ्या, ऑस्ट्रेलियात कित्येकांना तो न्यूझीलंडवाल्यांना म्हणतात त्या 'किवी'सारखाच वाटायचा पण ब्रिटनमधे १९७० च्या आसपास हाच शब्द ओरडत टोळकी लोकांना मारत सुटायची आणि मार खाणारे भारतीय, बांगलादेशीसुद्धा असायचे, मग तिथल्या माणसाला तो ऐकून काय वाटत असेल? २००२ मधे अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश पण हाच शब्द पटकन बोलून गेले होते, मग व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली. 'कलर्ड'चं तर उलटंच, दक्षिण आफ्रिकेत मिश्रवंशीय लोक स्वतःची ओळख म्हणून वापरतात, अमेरिकेत अपमान.

एखाद्याला खरंच माहीत नसेल, मान्य. पण चॅनलला माहीत नसतं हे कसं मानायचं? प्रक्षेपण दहा देशांत विकता ना, पैसे घेता, मग कॉमेंटेटरला आधी चार शब्द समजावून सांगायला काय जातं? २००७ मधे ब्रिटनच्या बिग ब्रदर शोमधे शिल्पा शेट्टीशी झालेल्या वर्णद्वेषी वागणुकीवर ४४ हजारांच्या वर तक्रारी गेल्या, तेव्हा ऑफकॉमने (तिथली प्रसारणावर लक्ष ठेवणारी संस्था) तो शो दाखवणाऱ्या चॅनल ४ ला आपल्याविरुद्धचा निकाल स्वतःच्याच पडद्यावर दाखवायला लावला. असंच पाहिजे, नुसतं 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' वालं माफीपत्र नको.