दोन क्रोनोग्राफ, 100 मीटर आणि एक खोटा आकडा

लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांत एक मेसेज फिरतोय: ‘डब्यावरचा बॅलिस्टिक कोएफिशंट विसरा. एक क्रोनोग्राफ नळीपुढे, दुसरा 100 मीटरवर ठेवा, दोन्ही वेग ॲपमध्ये टाका, खरा आकडा मिळतो. क्रोनोग्राफ नसेल तर 100 मीटरवर ड्रॉप मोजा. हवेचा दाब मोबाईलवर दिसतोच.’ (क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणजे गोळी हवेत वेग किती टिकवते त्याचा आकडा, मोठा तितका चांगला. ड्रॉप म्हणजे वाटेत गोळी किती खाली येते ते. ॲप म्हणजे या सगळ्याचं गणित करणारं बॅलिस्टिक ॲप.)

पहिलं, दोन क्रोनोग्राफ. .308 कॅलिबरची 175 ग्रेनची (सुमारे 11 ग्रॅमची) गोळी सेकंदाला 790 मीटरने निघाली, तर 100 मीटरमध्ये जेमतेम 55-60 मीटरचा वेग गमावते. कोएफिशंट निघतो तो या घटीवरून, 790 वरून नाही. दोन्ही यंत्रं फक्त अर्धा टक्का चुकली, एक वर आणि एक खाली, तरी साडेसात मीटरचा घोळ झाला. म्हणजे कोएफिशंटमध्ये सुमारे 13 टक्के! यंत्रं ‘अचूक’ असूनही.

उपाय आहे, पण चिकाटीचा. आधी दोन्ही क्रोनोग्राफ नळीपासून चारेक मीटरवर एकामागे एक लावा. त्याहून जवळ नको, नळीतून सुटलेल्या वायूंचा धक्का सेन्सरला फसवतो. दहा गोळ्या झाडा, त्याच गोळीचे दोन्ही वेग लिहा, फरकाची सरासरी काढा. पुढे तेवढी दुरुस्ती करायची. मग दुसरा क्रोनोग्राफ 300 मीटरवर न्या. तिथे घट 160-170 च्या आसपास, त्यामुळे तीच चूक तिपटीने लहान होते. (भरकटलेली गोळी यंत्राला लागू नये म्हणून दुसऱ्या यंत्रापुढे जाड पोलादी पत्रा लावा, हे सांगायला नको.) अंतर टेपने, सेन्सर ते सेन्सर, त्यात एक टक्का चूक म्हणजे कोएफिशंटमध्येही एक टक्का.

ड्रॉपचं तर बोलूच नये. कोएफिशंट 10 टक्क्यांनी बदलला तरी 100 मीटरवर ड्रॉप मिलिमीटरभरही हलत नाही आणि चांगल्या रायफलचा ग्रुपच (लागलेल्या गोळ्यांचा पसारा) दोन-तीन सेंटिमीटरचा. 50 मीटर रायफलवर वाढलेल्या कोल्हापूरला हे समजावायला नको.

कोएफिशंट जी1 चा की जी7 चा, तेही लिहा; ही तुलनेसाठी धरलेल्या दोन नमुना गोळ्यांची नावं. लांब, मागे निमुळत्या गोळीला जी7 बरा; जी1 चा आकडा वेगागणिक सरकतो.

राहिला दाब, आणि इथेच कोल्हापूरकर हमखास फसतो. हवामान ॲप 1010 च्या आसपास हेक्टोपास्कल दाखवतं, पण तो समुद्रसपाटीला नेलेला दाब. आपण साधारण 550 मीटर उंचावर, प्रत्यक्ष दाब 945-950. 1010 टाकलात की ॲपला हवा जास्त दाट वाटते आणि गोळी उगाच सहा-सात टक्के ‘चांगली’ ठरते. मोबाईलमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा कच्चा आकडा घ्या. तो टाकल्यावर ॲपच्या उंचीच्या रकान्याकडे बघा. काही ॲप उंचीपोटी दाबाची वजाबाकी पुन्हा एकदा करतात.