खालची जमीन अजून आपली नाही

आज आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून आजचा रविवार. सभासद 24, गणपूर्तीला 16 हवेत, आणि दहा वाजता गच्चीवर आम्ही सात जण. तहकूब करून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केली तेव्हा अकरा झालो. सव्वा तास पार्किंगवर गेला. मग कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, विषय निघाला आणि लोक उठायलाच लागले. "बघू हो पुढच्या वर्षी." दुपारी मला जेवण गेलं नाही.

आमची इमारत डोंबिवलीतली. संस्था 1998 साली नोंदवली. मोफा, म्हणजे बिल्डरने फ्लॅट कसे विकायचे हे ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा, 1963 चा आहे. करारात वेगळी मुदत नसेल, तर संस्था नोंदल्यापासून 4 महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची, असा त्याखालचा नियम. आमच्या सातबाऱ्यावर आजही मूळ मालकाचंच नाव आहे. वीस-वीस वर्षं हप्ते फेडले, सोनं गहाण टाकलं, आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची. याचा राग येत नाही कुणाला?

आमचे आधीचे सेक्रेटरी काका. रेल्वेतून निवृत्त झालेले. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स मिळवायचा, अर्ज करता येतो, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. त्यासाठी फ्लॅटचे नोंदणी केलेले करार आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, गोळा करायचे होते. काका दर शनिवारी संध्याकाळी नाडीची खाकी फाईल घेऊन दारोदार फिरायचे. गुडघे दुखायचे, आमच्याकडे लिफ्ट नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावर एकाने जाळीच्या दारातूनच विचारलं, "काका, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" मी मागे जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते. एक शब्द बोलले नाही.

रीडेव्हलपमेंट म्हटलं की मात्र सगळे हजर. किती जादा कार्पेट मिळणार, भाडं किती, हातात एकरकमी कॉर्पस किती. 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे 51 टक्के संमती लागते, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण कन्व्हेयन्स नसेल तर उरलेल्या एफएसआयवर, म्हणजे अजून बांधता येईल तेवढ्या बांधकामावर, बिल्डर हक्क सांगत येतो, आणि आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आमच्या बिल्डरचा मुलगा मागच्या वर्षी दोन माणसं घेऊन टेप लावून गेला. गच्चीवर. आमच्याच गच्चीवर! त्या दिवशी सगळे तावातावाने बोलले. आज त्यातले निम्मे आलेच नाहीत.

कमिट्यासुद्धा काही धुतल्या तांदळाच्या नसतात, मान्य. उपनिबंधकांनी 6 महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे आणि तारखा पुढे पुढे जातात, तेही मान्य. पण तारीख पडायला आधी अर्ज तर जायला हवा ना? आमचा अर्ज कुणी अडवलेला नाही. तो गेलेलाच नाही. वकिलाची फी धरून घरटी तीन-साडेतीन हजार येतात, आणि त्यावर आज एक जण म्हणाले, "एवढे पैसे कशाला?" त्यांच्या नव्या टाइल्सचं डेब्रिज दोन महिने जिन्याखाली पडून होतं.

असो. रागाने लिहितेय खरी, पण सगळे सारखे नाहीत. सभा संपल्यावर तळमजल्यावरच्या आजी हळूच जवळ आल्या. म्हणाल्या, "अगं, ह्यांनी करार कुठे ठेवलाय मला माहीतच नाही गं. म्हणून काकांनाही मी टाळायचे." मला भरून आलं. त्या नाही म्हणत नव्हत्या, त्यांना लाज वाटत होती. आजी, आणि तुमच्यासारखे अजून कुणी असतील तर त्यांनाही सांगते, दुय्यम निबंधक कार्यालयातून कराराची प्रमाणित प्रत मिळते. दस्त क्रमांक नसेल तर जुन्या नोंदींतून शोधता येतो. मी येईन बरोबर, रिक्षाने जाऊ.

काका मागच्या श्रावणात गेले. तेराव्यानंतर काकूंनी फाईल माझ्या हातात दिली. आत पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात 24 फ्लॅटची यादी. सतरांपुढे बरोबरची खूण. सातांपुढे नुसत्या तारखा, कधी कधी दार वाजवलं त्याच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरापुढे अकरा तारखा आहेत. तसं बोलणं ऐकूनही हा माणूस अकरा वेळा ते जिने चढला, आणि मी एकदाही त्यांच्याबरोबर गेले नाही.

त्या सातही घरांतले लोक फेसबुकवर माझे मित्र आहेत, म्हणून इथेच लिहितेय. या शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी फाईल घेऊन निघणार आहे. सुरुवात तिसऱ्या मजल्यापासून. करार आणि इंडेक्स टू काढून ठेवा, झेरॉक्स मी करून आणते.